गाडी पकडायला धावलेली मुलगी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज मी तुम्हाला बेटी रॉबिन्सन या मुलीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट म्हटलं तरी ती घडलेली आहे, आणि ती अमेरिकेतली आहे. शंभर वर्षं होत आली तिला. पण ऐकताना तुम्हाला ओळखीच्या मुली आठवतील, अशी माझी खात्री आहे.

बेटीचा जन्म २३ ऑगस्ट १९११ चा. शिकागो या मोठ्या शहराजवळ रिव्हरडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथली ती. शाळा शेजारच्या हार्वे गावात, थॉर्नटन हायस्कूल. शाळेत जायला-यायला आगगाडी. आपल्याकडच्या मुलींना जशी एसटी गाठावी लागते, तशी तिला गाडी गाठावी लागायची. एकदा असं झालं, की गाडी फलाटावर येऊन उभी राहिली आणि बेटी अजून बरीच लांब होती. तिच्या शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक, चार्ल्स प्राइस, त्याच गाडीत बसले होते. त्यांनी तिला लांबून पाहिलं आणि मनात म्हटलं, हिची गाडी आज चुकणार. पण थोड्याच वेळात पाहतात तर मुलगी डब्यात हजर!

आता इथं नीट लक्ष द्या. गाडीसाठी पळणारी मुलगी रोजच कोणी ना कोणी पाहत असतं. पाहणारा फार तर हसतो, नाहीतर म्हणतो, काय ही पोरगी, जरा हळू चालता येत नाही का. प्राइस सरांनी तसं केलं नाही. ते मुलांच्या धावण्याच्या संघालाही शिकवत असत. त्यांनी बेटीला शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात पन्नास यार्ड, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर, पळायला लावलं आणि हातात घड्याळ धरून वेळ मोजली. एवढीच गोष्ट. पण बेटीचं पुढचं सगळं आयुष्य त्या व्हरांड्यातून सुरू झालं.

बेटीनं पुढे स्वतःच सांगितलं आहे, की मुलींच्या धावण्याच्या शर्यती असतात हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. म्हणजे पायात वेग होता, पण तो कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून ती मुलांबरोबर सराव करू लागली.

मार्च १९२८ मध्ये ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. बंद सभागृहातली शर्यत होती. हेलन फिल्की ही तेव्हाची नावाजलेली धावपटू पहिली आली आणि आपली बेटी दुसरी. जूनमध्ये शिकागोच्या मैदानावर तिनं १०० मीटर १२ सेकंदांत पार केले. जागतिक विक्रमाइतकी ती वेळ होती, पण वाऱ्याची मदत झाली म्हणून अधिकृत धरली गेली नाही. ४ जुलैला न्यूअर्क इथं ऑलिम्पिकसाठी निवड चाचणी झाली. तिथंही ती दुसरी आली आणि संघात निवडली गेली. मैत्रिणींनो, हिशेब करा. ही तिची तिसरी स्पर्धा. चौथी स्पर्धा थेट ऑलिम्पिक! वय सोळा.

आता ही ऑलिम्पिकची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगायला हवी, कारण १९२८ पर्यंत धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांत बायकांना ऑलिम्पिकमध्ये जागाच नव्हती. आधुनिक ऑलिम्पिक ज्यांनी सुरू केलं ते फ्रान्सचे पिअर द कुबर्टिन यांचं मत असं, की बायकांनी मैदानाबाहेर बसून टाळ्या वाजवाव्यात. टेनिस, पोहणं अशा काही खेळांत बायका हळूहळू शिरल्या होत्या, पण धावणं नको म्हणत. तेव्हा फ्रान्समधल्याच ॲलिस मिलिया या बाईंनी काय केलं? अर्ज-विनंत्या करून पाहिल्या, नकार मिळाला, तर बायकांची वेगळी संघटना उभी केली आणि १९२२ मध्ये पॅरिसला बायकांचं स्वतंत्र ऑलिम्पिक भरवलं. एका दिवसाचं, पाच देशांचं. बघायला गर्दी झाली. मग मोठ्या संघटनांना जाग आली, आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी मैदानी खेळांच्या पाच स्पर्धा ठेवल्या गेल्या. १०० मीटर, ८०० मीटर, चौघींची रिले, उंच उडी आणि थाळीफेक. बेटी गाडीमागं धावली ती नेमकी या दरवाजाची फट उघडत असताना.

अमेरिकेचा संघ बोटीनं निघाला. समुद्रावरचा प्रवास कित्येक दिवसांचा, म्हणून खेळाडू डेकवरच धावत आणि व्यायाम करत. ३१ जुलैला १०० मीटरची अंतिम शर्यत होती. अंतिम फेरीत सहा जणी पोहोचल्या. तीन कॅनडाच्या, दोन जर्मनीच्या आणि अमेरिकेची एकटी बेटी. आणि ऐन वेळी काय लक्षात आलं, तर तिनं मैदानावर आणलेले दोन्ही बूट डाव्या पायाचे! लगबगीनं उजवा बूट आणावा लागला. घाईत आपलं कसं होतं ते आपल्याला माहीत आहेच. ऑलिम्पिकमध्येही तसंच होतं.

शर्यत सुरू व्हायच्या आधीच दोघी बाद झाल्या. पिस्तुलाचा बार होण्यापूर्वी पाय उचलला तर ती चूक धरतात, आणि तेव्हा दोन वेळा चूक झाली की शर्यतीबाहेर. कॅनडाची मर्टल कुक बाद झाली आणि तिथंच रडायला लागली. जर्मनीची लेनी श्मिटही बाद झाली, ती मात्र बार काढणाऱ्या पंचावर चांगलीच संतापली. उरल्या चौघी. इतक्या गडबडीत सोळा वर्षांची बेटी शांत राहिली. बार झाला आणि १२.२ सेकंदांत ती पहिली आली. कॅनडाची फॅनी रोझेनफेल्ड अगदी तिच्या खांद्याशी होती. ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या १०० मीटरची पहिली विजेती म्हणून बेटी रॉबिन्सनचं नाव लागलं. इतक्या लहान वयात ही शर्यत जिंकणारी दुसरी कोणी अजून झालेली नाही. रिलेमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं.

घरी परतल्यावर तिची मिरवणूक निघाली, न्यूयॉर्कमध्ये आणि शिकागोतही. गावानं तिला हिऱ्याचं घड्याळ दिलं आणि शाळेनं चांदीचा चषक.

इथं आपण टाळ्या वाजवून थांबू शकलो असतो. पण त्याच ॲमस्टरडॅममध्ये, बेटीच्या शर्यतीनंतर दोनच दिवसांनी, आणखी एक शर्यत झाली आणि तिचा परिणाम पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलींना भोगावा लागला. ती होती ८०० मीटरची. नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ शेवटपर्यंत पोहोचल्या. जर्मनीच्या लिना राडकेनं जागतिक विक्रम केला. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. पहिल्या तिघींच्याही वेळा आधीच्या जागतिक विक्रमापेक्षा चांगल्या होत्या. आता सांगा, ही बातमी कशी यायला हवी होती?

बातमी अशी आली, की बायका धापा टाकत कोसळल्या. कुठल्याशा वर्तमानपत्रानं तर अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली, असंही छापलं. नऊ जणी धावल्या होत्या, तर अकरा आल्या कुठून? पण तपासतो कोण! शर्यत संपल्यावर धावपटू दमून गवतावर आडवा होतोच, पुरुषही होतात. पुरुष आडवा झाला तर लोक म्हणतात, काय जीव तोडून धावला. बाई आडवी झाली तर म्हणतात, बघा, हिला झेपत नाही. बायकांच्या शरीराला हे सोसणार नाही, त्या लवकर म्हाताऱ्या होतील, मुलंबाळं होणार नाहीत, असं जाणकार म्हणवणारेही सांगू लागले. परिणाम असा झाला, की ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी २०० मीटरपेक्षा लांब शर्यत बंद झाली. ८०० मीटर परत आली ती १९६० मध्ये, रोमला. बत्तीस वर्षं! त्या बत्तीस वर्षांत किती मुलींचे पाय तसेच राहून गेले, ते मोजणारं घड्याळ कुणाकडे नव्हतं.

हे सगळं चाललेलं असताना बेटी कॉलेजात गेली. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. शारीरिक शिक्षण हा तिचा विषय, आणि पुढे प्रशिक्षक व्हायचं मनात होतं. सुवर्णपदक गळ्यात घेऊन आलेली विद्यार्थिनी! पण विद्यापीठात मुलींचा धावण्याचा संघच नव्हता.

आणि यामागे फक्त पुरुष होते असंही नाही, हे आपण बायकांनी प्रामाणिकपणे ऐकलं पाहिजे. त्या काळात अमेरिकेत मुलींना खेळ शिकवणाऱ्या बऱ्याच बाईंचंच मत चढाओढीच्या विरुद्ध होतं. १९२३ मध्ये त्यांची एक मोठी संघटना झाली. लू हूवर या तिच्या पुढारी होत्या. त्यांचे यजमान पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. या बाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. मोजक्या चार मुलींना पदकासाठी राबवण्यापेक्षा सगळ्याच मुलींनी खेळावं, तिकीट लावून मुलींचा तमाशा करू नये, हे त्या म्हणत आणि ते पटण्यासारखं आहे. म्हणून मग कॉलेजांत खेळाचा दिवस भरायचा. दोन-तीन कॉलेजच्या मुली एकत्र यायच्या, सगळ्यांना मिसळून नवे गट पाडायचे, म्हणजे हे कॉलेज जिंकलं आणि ते हरलं असं होऊ नये. खेळ, गप्पा, चहा-फराळ. छान वाटतं ऐकायला. पण जिला जोरात धावायचं आहे, तिनं काय करायचं? सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून वेगवान मुलीला हळू धावायला लावणं हा काही न्याय नव्हे. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुलींनी धावू नये म्हणूनही याच संघटनेनं विरोध केला होता.

म्हणून बेटी कॉलेजात शिकत होती आणि धावत होती ती शिकागोतल्या महिलांच्या क्लबकडून. ५० यार्ड, ६० यार्ड, ७० यार्ड, १०० यार्ड अशा कमी अंतराच्या शर्यतींत तिनं विक्रम केले. १९३२ चं ऑलिम्पिक तिच्याच देशात, लॉस एंजेलिसला होणार होतं. आपलं पदक आपल्याच माणसांसमोर राखायचं, हे ठरलेलं होतं.

मग २८ जून १९३१ चा दिवस आला. उन्हाळा कडक होता. जिवाला गारवा मिळावा म्हणून पोहायला जावं, तर पोहल्यानं धावणाऱ्याचे स्नायू बिघडतात असं तेव्हा मानत, आणि प्रशिक्षकांनी मनाई केली होती. बेटीच्या चुलत भावाकडे लहान विमान होतं. वर हवा गार असते, चल फिरून येऊ, म्हणून ती त्याच्याबरोबर बसली. विमान थोडं वर गेलं, इंजिन बंद पडलं आणि ते शेतात कोसळलं.

ज्या माणसानं तिला ढिगाऱ्यातून बाहेर काढलं, त्याला ती गेलेलीच वाटली, आणि त्यानं तिला गाडीच्या डिकीत ठेवून दवाखान्याऐवजी अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याकडे नेलं, अशी हकीकत सांगितली जाते. तिथं लक्षात आलं की मुलीचा जीव आहे. पायाचं हाड ठिकठिकाणी मोडलेलं, हात चेंगरलेला, कपाळावर खोल जखम. पायात धातूची सळई घालावी लागली. पुन्हा धावणं तर सोडाच, नीट चालता येईल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. कित्येक महिने ती चाकाच्या खुर्चीत होती. आधी कुबड्या आणि मग आधार घेत एकेक पाऊल. नीट चालू लागायला दोन वर्षांच्या आसपास लागली. मोडलेला पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड झाला. लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक तिच्याशिवाय पार पडलं.

बेटी तेव्हा वीस वर्षांची. आपल्याकडे अशा मुलीला लोक काय म्हणाले असते? जिवावर आलं ते पायावर निभावलं, आता गप घरी बस. आणि तसं म्हणणारी माणसं प्रेमानंच म्हणतात.

बेटी चालायला लागली, आणि चालता येतं म्हटल्यावर हळूहळू पळायला लागली. पण एक अडचण कायमची होती. १०० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला खाली वाकून, गुडघे दुमडून, हात जमिनीला टेकून बसावं लागतं. तिचा गुडघा तेवढा दुमडत नव्हता. म्हणजे जी शर्यत तिनं ऑलिम्पिकमध्ये जिंकली होती, तीच आता तिच्यासाठी बंद झाली होती.

मग तिनं विचार केला, की आपल्याला उभं राहून सुरुवात करता येईल अशी जागा कुठे आहे? ती जागा रिलेमध्ये होती. रिलेत चौघी धावतात. पहिली खाली बसून सुरुवात करते, पण दुसरी, तिसरी आणि चौथी उभ्या उभ्याच मागून येणाऱ्या मैत्रिणीकडून बॅटन घेतात आणि पळतात. बॅटन म्हणजे हातात धरायची छोटी नळी. वाकायची गरज नाही. सरळ रेषेत एकटीनं पहिलं येणं गेलं, पण चौघींतली एक होणं अजून शिल्लक होतं.

१९३६ मध्ये ती बर्लिन ऑलिम्पिकच्या अमेरिकन संघात आली. तो मंदीचा काळ. संघटनेकडे पैसा कमी, आणि कात्री लागली ती आधी मुलींच्या खर्चाला. मुलींना आपापल्या प्रवासाचे पैसे जमवायला सांगण्यात आलं. एका सुवर्णपदक विजेतीला, आठ वर्षांनंतर, मोडून जोडलेल्या पायानं पुन्हा धावण्यासाठी पैसे गोळा करत फिरावं लागलं!

९ ऑगस्ट १९३६. रिलेची अंतिम शर्यत. जर्मनीच्या मुलींनी आदल्याच दिवशी ४६.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. स्टेडियम त्यांचं, प्रेक्षक त्यांचे आणि हिटलर स्वतः बघायला बसलेला. अमेरिकेकडून पहिली हॅरिएट ब्लँड, दुसरी ॲनेट रॉजर्स, तिसरी बेटी आणि शेवटची हेलन स्टीफन्स, जी तेव्हा जगातली सगळ्यात वेगवान बाई होती. जर्मनी चांगलीच पुढे होती. बेटीनं बॅटन घेतलं, आपला टप्पा पार केला आणि हेलनच्या हातात ते नीट दिलं. त्याच वेळी शेजारी जर्मनीच्या शेवटच्या दोघींच्या हातातून बॅटन निसटलं आणि खाली पडलं. अमेरिकेचा संघ ४६.९ सेकंदांत पहिला आला.

कुणी म्हणेल, हे नशीब. थोडं होतंच. जर्मनीच्या मुली पुढे होत्या हे खरंच, आणि त्यांच्यासाठी वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. पण नशिबानं दार उघडलं तेव्हा दारापर्यंत पोहोचलेलं असावं लागतं. पाच वर्षांपूर्वी जिला मेलेली समजून उचललं होतं, ती तेव्हा मैदानावर होती आणि तिच्या हातातलं बॅटन पडलं नाही.

त्यानंतर बेटीनं धावणं सोडलं. १९३९ मध्ये लग्न झालं, दोन मुलं झाली. बायका धावल्या तर मुलंबाळं होणार नाहीत म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर कशाला हवं! संसार केला, दुकानात नोकरी केली. पण मैदान सोडलं नाही. गावोगावी जाऊन मुलींच्या खेळांसाठी भाषणं दिली आणि स्पर्धांमध्ये वेळ मोजण्याचं काम केलं. मला तिच्या सगळ्या आयुष्यात हीच गोष्ट फार आवडते. जिची धाव कोणीतरी एकदा घड्याळ लावून मोजली होती, तिनं पुढे दुसऱ्या मुलींसाठी घड्याळ हातात घेतलं.

अमेरिकेनं मात्र तिला बरीच वर्षं विसरून टाकलं होतं. १९७२ मध्ये तिथं कायदा झाला, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींबाबत भेदभाव करता येणार नाही. खेळालाही तो लागू झाला. मग कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहू लागले, आणि लोकांना जुन्या धावपटू आठवू लागल्या. १९७७ मध्ये देशाच्या मानाच्या धावपटूंत तिचं नाव घेतलं गेलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बेटीनं ऑलिम्पिकची मशाल हातात धरली. १८ मे १९९९ रोजी ती गेली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी पदकांसाठी सांगितली नाही. पदकं फार थोड्यांना मिळतात. माझ्या मनात आहे तो शाळेचा व्हरांडा. आपल्याकडेही मुली धावतात. एसटीसाठी धावतात, शेतात वळवाचा पाऊस आला की वाळत घातलेलं धान्य उचलायला धावतात, निसटलेल्या शेरडामागं धावतात. आपण ते रोज बघतो. पण सहावी-सातवीनंतर आपणच म्हणायला लागतो, आता मोठी झालीस, नीट चाल. दहावी झाली की सरावाला वेळ नाही, आणि लग्न ठरलं की तो विषयच संपला. काळजीपोटीच म्हणतो आपण, हे मला मान्य आहे. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या बाईंनाही मुलींची काळजीच होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरात, शेजारात एखादी मुलगी जोरात पळणारी असेल, तर तिला एकदा शंभर मीटर पळवून बघा. शंभर मीटर म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे पावलं. शाळेचं मैदान नसेल तर गावाबाहेरचा सपाट रस्ता चालेल, फक्त वाहनं नसलेला बघा. घड्याळ आता प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आहे. वेळ मोजा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा मोजा. फरक पडला तर ती वही घेऊन शाळेतल्या खेळाच्या सरांकडे किंवा बाईंकडे जा, आणि तालुक्याच्या स्पर्धा कधी असतात ते विचारा. मुलीच्या वडिलांनाही ती वही दाखवा. तोंडी सांगितलेलं लोक हसून सोडून देतात, लिहिलेला आकडा मात्र बघावा लागतो.

आणि पायाला लागलं, आजार झाला, मध्ये एखादं वर्ष गेलं, तर तिथंच गोष्ट संपली असं समजू नका. वाकता येत नसेल तर उभं राहून सुरुवात करता येईल अशी जागा शोधा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडच्या मुलींच्या वेळा आम्हाला जरूर कळवा.